विंचवाचे बिऱ्हाड आणि संगणक



मागच्या महिन्यात बाईंनी वर्गात ‘माझ्या घरातील माणसे काय काम करतात’ या विषयावर प्रत्येकाला दोन-दोन वाक्ये बोलायला लावली. डॉक्टर, नर्स, संगणक अभियंता, पुन्हा संगणक अभियंता, एक शेफ असे होत होत पाळी आमच्यापैकी एकीच्या मुलीवर आली. ती म्हणाली, "माझी आई लोकांना घरं शोधून देते आणि फोनवर खूप बोलते." मागच्या बाकावरून प्रश्न आला, "म्हणजे एजंट?" आणि दुसऱ्याने लगेच विचारले, "ते तर आता कॉम्प्युटरच करतो ना? मग तुझ्या आईची नोकरी जाणार का?"

मुलगी हाच प्रश्न घेऊन घरी आली. रात्री झोपतानाही तिने तो पुन्हा विचारला. बाईंना हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघीही हेच काम करता, तर अंकासाठी लिहूनच द्या." म्हणून हा लेख. दोघींनी मिळून लिहिला आहे, तेव्हा ‘आम्ही’ आले की दोघी समजा.

आमच्या हुद्द्याचे नाव ‘रिलोकेशन को-ऑर्डिनेटर’. मराठीत ‘स्थलांतर समन्वयक’ म्हणता येईल, पण कोणी आम्हाला तशी हाक मारली तर आमच्याच घरचे हसतील. सोप्या भाषेत सांगायचे तर आम्ही बिऱ्हाड हलवणाऱ्यांना मदत करतो. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण तुम्ही शिकला असाल. विंचू तसा सुखी. त्याला व्हिसा लागत नाही, मुलांना शाळेत घालायचे नसते आणि घरमालक त्याच्याकडे आधीच्या घरमालकाचे पत्र मागत नाही.

समजा, पुण्यातील एका अभियंत्याला किंवा मिरजेतील एका नर्सला डब्लिनमध्ये नोकरी मिळाली. अनेक ठिकाणी नोकरी देणारेच अशा माणसासाठी आमच्यासारखी मदत ठरवून देतात. आमचा पगार येणाऱ्या कुटुंबाकडून येत नाही. घरमालकाकडून दलालीही येत नाही. एजंटात आणि आमच्यात फरक आहे तो हा.

आधी कामाचा परवाना. तो आयर्लंड सरकारच्या उद्योग व रोजगार खात्याकडून मिळतो. मग भारतीय पासपोर्टवाल्यांना दीर्घ मुदतीचा व्हिसा. इथे पोचल्यावर नव्वद दिवसांच्या आत नोंदणी करून ‘आयआरपी’ कार्ड घ्यायचे, त्याची फी ३०० युरो. (सोळा वर्षांखालच्या मुलांना ही नोंदणी लागत नाही. पालकांनो, मूल सोळाचे झाले की ती करावी लागते, हे विसरू नका.) मग सात आकडे आणि पुढे एक-दोन अक्षरे असा पीपीएस नंबर, बँकेचे खाते, घर, शाळा, फॅमिली डॉक्टर. गंमत अशी की बँक पत्त्याचा पुरावा मागते आणि पत्ता हवा तर घर लागते. घर हवे तर मालक विचारतो, "इथल्या बँकेत खाते आहे का?" आधी कोंबडी की आधी अंडे! कोणता कागद कुणापुढे आधी ठेवायचा, हे ओळखण्यात आमच्या कामाचा अर्धा भाग जातो.

उरलेला अर्धा भाग एका उदाहरणावरून कळेल. एका कुटुंबाचे सगळे कागद तयार होते. शेवटी कळले की मुलाच्या जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी आहे! आईवडील घाबरले, इथल्या साहेबालाही शंका आली की कागद खरा आहे ना. आम्हाला मात्र लगेच उलगडा झाला. आपल्याकडे बारसे साधारण बाराव्या दिवशी, कधी त्याहून उशिरा होते. जन्माची नोंद त्याआधीच होऊन जाते. नंतर पालिकेत जाऊन नाव चढवून घ्यायचे असते आणि ते पुष्कळ घरांत राहून जाते. आम्ही साहेबांना बारसे म्हणजे काय ते समजावले, गावी आजोबांना पालिकेत पाठवले, नवा दाखला आला.

नावांचेही असेच. आपल्याकडे मुलाच्या नावानंतर वडिलांचे नाव येते. बायकोच्या पासपोर्टवर कधी माहेरचे आडनाव असते आणि लग्नाच्या दाखल्यावर सासरचे. इथल्या फॉर्ममध्ये असतात दोनच चौकोन, पहिले नाव आणि आडनाव. वडिलांचे नाव कुठे घालायचे? एका कागदावर घातले आणि दुसऱ्यावर राहिले, की संगणक म्हणतो, ही दोन वेगळी माणसे आहेत. मग एकच माणूस आहे असे समजावणारे पत्र जोडावे लागते. अशी पत्रे आम्ही किती लिहिली याचा हिशेब नाही.

हे काम नवे आहे असे मात्र समजू नका. नाव इंग्रजी असले तरी काम जुने आहे, आपल्याकडचेही आणि इथलेही.

मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून माणसे गिरण्यांत कामाला येत. गावकरी मिळून एखादी खोली भाड्याने घेत. गावातून नवा मुलगा आला की त्याची ट्रंक त्या खोलीत ठेवायची, जेवणाची सोय जवळच्या खानावळीत, आणि गिरणीत चिकटवण्याचे काम आधी आलेल्या काका-मामाचे. गोव्याच्या लोकांनी धोबीतलाव भागात अशाच गावोगावच्या ‘कूड’ चालवल्या. बोटीवर नोकरी करणारे गोवेकर दोन सफरींच्या मधल्या काळात तिथे राहत. तिथे कुणी पगारी को-ऑर्डिनेटर नव्हता. गाव हाच को-ऑर्डिनेटर.

आणि आयर्लंड? इथून तर लाखो माणसे बाहेर गेली. कॉर्कजवळच्या कोव्ह बंदरावर ॲनी मूर आणि तिच्या दोन भावांचा पुतळा तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिला असेल. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कचे एलिस आयलंड केंद्र उघडले, तेव्हा तिथे नोंद झालेली पहिली प्रवासी हीच मुलगी. त्याच्या दहा वर्षे आधी याच बंदरावर शार्लट ग्रेस ओ'ब्रायन नावाच्या बाईंनी एक मोठे काम केले. त्या वेळी कोव्हचे नाव क्वीन्सटाउन होते. जहाजाची वाट पाहणाऱ्या खेड्यातल्या मुलींना बंदरावरचे लोक लुबाडत, घाणेरड्या जागेत ठेवत. बाईंनी १८८१ मध्ये जहाजांवरच्या हालांबद्दल वर्तमानपत्रात लिहून खळबळ उडवली आणि १८८२ मध्ये बंदरावर स्वच्छ, स्वस्त असे उतरण्याचे घर उघडले. एवढ्यावर न थांबता त्या स्वतः न्यूयॉर्कला गेल्या आणि जहाजातून उतरल्यावर या मुलींचे काय होते ते पाहून आल्या. त्यांच्या खटपटीतून तिकडेही चर्चतर्फे आयरिश मुलींसाठी मदतीची सोय उभी राहिली. या बाईंना ऐकू फार कमी येत असे, तरी हे सगळे त्यांनी केले. आम्ही दोघी त्यांना आमच्या धंद्याच्या आद्य गुरू मानतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. संगणक हे काम घेणार का?

काही भाग त्याने केव्हाच घेतला आहे. १९९७ मध्ये डब्लिनच्या दोन भावांनी ‘डॅफ्ट’ हे संकेतस्थळ सुरू केले आणि भाड्याची घरे वर्तमानपत्राऐवजी पडद्यावर दिसू लागली. २०१५ च्या जुलैपर्यंत आयर्लंडमध्ये घराघराला पोस्टाचा नंबर नव्हता. गावाकडे तर एकाच वाडीतल्या अनेक घरांचा पत्ता एकच असे. चर्चनंतर डावीकडे, मग हिरव्या फाटकाचे घर, असे विचारत जावे लागे. ‘एअरकोड’ आला आणि सात अक्षर-आकड्यांत नेमके दार सापडू लागले. वाटा तोंडपाठ असणे हे आधी मोठे कौशल्य होते, ते एका दिवसात निम्म्या किमतीचे झाले. कामाच्या परवान्याचे कागदी अर्ज गेले, ऑनलाइन आले, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये तीही यंत्रणा बदलून नवी आली.

यंत्र आले की सगळे सोपे होते असेही नाही. डब्लिनमध्ये लिफी नदीच्या काठी बर्ग की नावाच्या धक्क्यावर परदेशी नागरिकांच्या नोंदणीचे कार्यालय आहे. तिथे लोक पहाट होण्याआधीपासून फुटपाथवर रांग लावत. पावसात, थंडीत, कडेवर मूल घेऊन. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये ऑनलाइन अपॉइंटमेंट सुरू झाली. रांग संपली म्हणून सर्वांना आनंद झाला. पण थोड्याच काळात काही हुशार लोकांनी ‘बॉट’ तयार केले. बॉट म्हणजे माणसाऐवजी स्वतःच बटणे दाबणारे छोटे प्रोग्रॅम. अपॉइंटमेंट खुल्या झाल्या की बॉट त्या क्षणात उचलत आणि त्यांचे मालक त्या गरजू लोकांना पैसे घेऊन विकत. सरकारी अपॉइंटमेंट फुकट होती, तरी लोकांना ती विकत घ्यावी लागली. वर्तमानपत्रांत हे गाजले आणि २०१८ मध्ये यंत्रणेत बदल करावे लागले. फुटपाथवरच्या रांगेत निदान पुढे कोण आहे ते दिसत होते, असे त्या वेळी पुष्कळ जण म्हणत.

यंत्रांची बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. आमच्यापैकी एकीने पूर्वी एका मुलीच्या जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटसुलट लिहिला. ०४ आणि ०७ ची अदलाबदल. त्यापायी त्या कुटुंबाची एक फेरी फुकट गेली आणि आम्हाला दोन रात्री झोप आली नाही. आज प्रोग्रॅम अशी चूक पासपोर्टशी ताडून चटकन दाखवतो. तीन उपनगरांतील बस, शाळा आणि भाडी यांचा तक्ता करायला आम्हाला अख्खी दुपार लागे, तो आता चहा होईपर्यंत तयार होतो. परवान्याची मुदत संपायच्या आधी आठवण करणे, तेच पत्र पाच कुटुंबांना पाच प्रकारे लिहिणे, ही कामे यंत्र आमच्याहून बरी करते.

पण त्याला ‘माहीत नाही’ म्हणायची सवय कमी. एका गृहस्थांनी गप्पा मारणाऱ्या अशा एका प्रोग्रॅमला विचारले, भारतातले ड्रायव्हिंग लायसन्स इथे बदलून मिळते का? उत्तर आले, हो, मिळते, आणि पुढे अर्ज कसा करायचा याच्या पायऱ्याही. वाचायला अगदी सुरेख! प्रत्यक्षात काही देशांचे लायसन्स इथे बदलून मिळते, त्या यादीत भारत नाही. आपल्याला थिअरी टेस्ट, लर्नर परमिट, शिकवणीचे तास आणि मग परीक्षा, असे पहिल्यापासून जावे लागते. त्या गृहस्थांनी लायसन्सच्या भरवशावर गावाबाहेर घर बघून ठेवले होते.

मग नोकरी जाणार की राहणार? २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या कार्ल फ्रे आणि मायकेल ऑस्बोर्न यांनी ७०२ व्यवसाय तपासून सांगितले की अमेरिकेतील सुमारे ४७ टक्के नोकऱ्या यंत्रांमुळे मोठ्या धोक्यात येऊ शकतात. जगभर घबराट झाली. २०१६ मध्ये ओईसीडी या संस्थेसाठी झालेल्या दुसऱ्या अभ्यासात नोकरी अख्खी न मोजता तिच्यातल्या कामांचे तुकडे मोजले. तेव्हा २१ देशांतले सरासरी उत्तर आले ९ टक्के. केवढा फरक! दोन्ही अभ्यास आजच्या गप्पिष्ट प्रोग्रॅमांच्या आधीचे आहेत, म्हणून आकड्यांना चिकटून बसू नका. पण तुकडे करायची पद्धत आम्हाला पटते. मुलांनो, आईबाबांच्या कामाबद्दल असा प्रश्न पडला तर तुम्हीही तुकडे करून पाहा.

आमच्या कामाचे तुकडे केले तर फॉर्म, तक्ते, आठवणी, नेहमीची पत्रे हा मोठा तुकडा जाईल. घर मिळवून देण्याचा तुकडा इतका सहज जाणार नाही. एका घराला पुष्कळ जण बघायला येतात. पुण्याहून आलेला मुलगा आजवर आईवडिलांच्या फ्लॅटमध्ये राहिलेला, त्याच्याकडे जुन्या घरमालकाचे पत्र कुठून असणार? तिथे आमची ओळख चालते. "मागच्या वर्षी मी तुमच्याकडे एक कुटुंब आणलं होतं, आठवतं? हे तसेच लोक आहेत," असे आम्ही म्हणतो आणि मालक आमच्या तोंडाकडे बघून ठरवतो. शब्द टाकणे म्हणतात ते हे. शब्द टाकणाऱ्याचे नाव खराब होऊ शकते, म्हणूनच त्याला वजन असते. प्रोग्रॅमचे काय खराब होणार?

(जाता जाता पालकांसाठी: घर प्रत्यक्ष किंवा विश्वासाच्या माणसाकरवी पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. आता खोटे फोटो आणि गोड पत्रे यंत्रावर मिनिटात तयार होतात. आणि २०२१ च्या ऑगस्टपासूनच्या कायद्याप्रमाणे एक महिन्याचे आगाऊ भाडे आणि एक महिन्याचे डिपॉझिट, याहून जास्त मागता येत नाही.)

आणखी एक तुकडा आहे, त्याचे नाव आमच्या करारात कुठेच लिहिलेले नाही. एका फेब्रुवारीत एका ताईंचा फोन आला. येऊन तीन आठवडे झाले होते. विचारत होत्या, "ते इमर्शनचं बटण कोणतं? गरम पाणी येत नाहीये." बटण कपाटात असते हे फोनवर सांगून झाले असते. पण आवाज बरा वाटला नाही, म्हणून आम्ही संध्याकाळी गेलो. पाणी गरम होते. नवरा कामावर, मूल तापाने फणफणलेले, कोणत्या डॉक्टरकडे जायचे ते माहीत नाही आणि दिवसभर कुणाशी मराठीत चार शब्द बोलणे नाही. त्यांना बटण विचारायचे नव्हते. काय विचारावे हेच सुचत नव्हते, म्हणून बटण विचारले. प्रोग्रॅमने बटणाचे उत्तर अगदी अचूक दिले असते.

त्या ताईंच्या घरी गेलो तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली. त्या भारतात शिक्षिका होत्या आणि इथे आपल्याला काम करताच येणार नाही अशा समजुतीत बसल्या होत्या. पूर्वी बऱ्याच जोडीदारांना वेगळा परवाना काढल्याशिवाय नोकरी करता येत नसे, आणि तो सहज मिळत नसे. मार्च २०१९ पासून ‘क्रिटिकल स्किल्स’ परवानाधारकांच्या जोडीदारांना आणि मे २०२४ पासून ‘जनरल’ परवानाधारकांच्या जोडीदारांनाही वेगळा परवाना न काढता काम करता येते. त्यांच्या नवऱ्याने जुनी माहिती वाचली होती. त्यांनी आम्हाला हा प्रश्न विचारलाच नव्हता. समोर बसून चहा घेतला म्हणून तो कळला.

तर मुलीला आम्ही काय उत्तर दिले? "नोकरी लगेच जाणार नाही, पण लहान होईल," असे सांगितले. तिला खोटे सांगायचे नव्हते. दोन गोष्टींची आम्हाला खरीच काळजी वाटते. पहिली, आम्ही दोघी हे काम फॉर्म भरूनच शिकलो. शंभर दाखले हाताळले तेव्हा कोरी जागा पाहून बारसे आठवले. फॉर्म यंत्राने भरले तर नव्या मुलींनी शिकायचे कुठे? वरच्या पायरीवर माणूस हवा आणि खालची पायरीच काढून टाकली, असे होऊ नये. ज्या मुलांना पुढे या कामात यायचे असेल त्यांनी यंत्र वापरायला जरूर शिकावे, पण वर्षभर तरी खरे कागद स्वतःच्या हातांनी लावावेत असे आमचे मत आहे.

दुसरी काळजी मोठी. काही कंपन्या आता को-ऑर्डिनेटर न देता एकरकमी पैसे आणि फोनवर एक ॲप देतात. मोठ्या साहेबांना मात्र माणूस मिळतो. हे असेच चालले तर मिरजेच्या नर्सला ॲप आणि संचालकांना आम्ही, अशी वाटणी होईल. ज्यांना चार ओळखी असतात त्यांनाच आणखी एक ओळख, आणि ज्यांना इथे कुणीच नाही त्यांना एक पडदा.

मग अशा लोकांकडे कोण जाणार? पुन्हा गिरणगावासारखे गावकरीच. २०१६ च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये भारताचे नागरिक साडेअकरा हजारांच्या आसपास होते, २०२२ च्या जनगणनेत ते ४५ हजारांवर गेले. यातले किती जण आल्या आल्या कुणा ओळखीच्याच्या सोफ्यावर झोपले असतील! आपल्या वर्गातही शनिवारी मुले बाराखडी गिरवत असतात तेव्हा मागे चहाच्या टेबलाशी पालक काय बोलतात ते ऐका. कोणता डॉक्टर नवे पेशंट घेतो, कोणत्या शाळेत जागा आहे, दुसरी कचरापेटी कोणत्या वारी बाहेर ठेवायची. हेच आमचे काम, फक्त बिनपगारी. पगारी काम आणि हे चहाचे टेबल, दोन्ही राहावे असे आम्हाला वाटते. सगळा भार चहाच्या टेबलावर टाकून कंपन्यांनी मोकळे होऊ नये.

मुलीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग त्या ताईंचं पुढे काय झालं?" त्या आता एका शाळेत साहाय्यक म्हणून काम करतात.

पुढच्या शनिवारी वर्गानंतर अर्धा तास आम्ही दोघी मागच्या खोलीत बसणार आहोत. ज्यांना भाड्याचा करार किंवा मुलांचे दाखले दाखवून घ्यायचे असतील त्यांनी कागद घेऊन यावे. मूळ प्रती नकोत, झेरॉक्स चालतील. जन्मदाखल्यावर मुलाचे नाव आहे ना, तेवढे निघण्याआधी घरीच पाहून घ्या.